रिटर्नमध्ये चूक राहिली? 31 डिसेंबरच्या आत काय करायचं आणि नंतर कळलं तर काय

रिटर्न भरून होतं, रिफंडही खात्यात येतो, आणि मग कधीतरी बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट हातात पडतं किंवा कुणीतरी सांगतं म्हणून एआयएस (आपल्या पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची आयकर खात्याकडची यादी) उघडलं जातं आणि लक्षात येतं की अरे, हे तर आपण दाखवलंच नाही. खूप लोकांचं असं होतं. घाबरण्यासारखं यात काही नाही पण गप्प बसण्यासारखंही नाही, कारण इन्कम टॅक्समध्ये एकाच चुकीची किंमत तारखेप्रमाणे वाढत जाते. हे लिहितोय तेव्हा डिसेंबर 2025 सुरू आहे, म्हणजे सगळ्यात स्वस्तातला रस्ता बंद व्हायला थोडेच दिवस उरलेत.

आधी वर्षांचा घोळ मिटवू, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. एप्रिल 2024 ते मार्च 2025 मध्ये कमावलं ते आर्थिक वर्ष 2024-25, आणि त्याचं रिटर्न ज्या वर्षात भरतो ते असेसमेंट इयर 2025-26. आयकर खात्याच्या पोर्टलवर सगळीकडे असेसमेंट इयर विचारतात. या वर्षीची मूळ मुदत 31 जुलै होती, ती आधी 15 सप्टेंबर आणि मग 16 सप्टेंबर 2025 पर्यंत वाढवली. आता 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे नंबर बदलतात, पण मागच्या वर्षांच्या रिटर्नला 1961 चाच कायदा चालणार, त्यामुळे खाली जे नंबर दिलेत ते जुन्या कायद्याचे आहेत. नोटीस आली तर त्यावर पण हेच नंबर असतील.

चूक नक्की काय आहे ते आधी बघा

पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करा आणि एआयएस उघडा. पीडीएफ डाउनलोड केली तर पासवर्ड म्हणजे पॅन स्मॉल अक्षरात आणि त्याला लागून जन्मतारीख, मध्ये स्पेस नाही, डॅश नाही. शेजारी 26एएस (तुमच्या नावावर कापलेल्या आणि भरलेल्या टॅक्सचा उतारा) पण काढून ठेवा, फॉर्म 16 (कंपनीने दिलेलं पगार आणि कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट) समोर घ्या, आणि भरलेल्या रिटर्नची पीडीएफ घ्या. मग एकेक ओळ जुळवत जा. कंटाळवाणं काम आहे, तास-दीड तास जातो, पण या कामाला शॉर्टकट नाही.

एआयएसमध्ये सेव्हिंग खात्याचं व्याज बँकेप्रमाणे वेगवेगळं येतं, एफडीचं व्याज येतं, शेअरचा डिव्हिडंड येतो, म्युच्युअल फंड विकला ते येतं, घर-प्लॉट घेतला-विकला ते येतं. लोकांचा समज असा की टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापला नाही म्हणजे सरकारला माहीत नाही, किंवा टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरून झाला. दोन्ही चूक. 15जी (माझं उत्पन्न करपात्र नाही, टॅक्स कापू नका असं बँकेला सांगायचा फॉर्म) देऊन टीडीएस थांबवला तरी व्याज एआयएसमध्ये दिसतं. आणि बँक कापते 10 टक्के, तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उरलेले तुम्हीच भरायचे असतात.

पण एआयएस म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हेही तितकंच खरं. जॉइंट एफडीचं सगळं व्याज पहिल्या नावावर चढलेलं असतं, एकच रक्कम दोनदा आलेली असते, शेअर विकल्याची रक्कम दिसते पण खरेदीची किंमत नसते किंवा भलतीच असते. अशा वेळी त्या ओळीवर फीडबॅक द्यायची सोय आहे, माहिती डुप्लिकेट आहे, दुसऱ्या पॅनची आहे, दुसऱ्या वर्षाची आहे असे पर्याय येतात, त्यातला खरा असेल तो निवडा. फक्त एआयएसमध्ये दिसतंय म्हणून आपलं नसलेलं उत्पन्न रिटर्नमध्ये टाकू नका. आणि उलट बाजूने, एआयएसमध्ये नाही म्हणून आपलं असलेलं सोडू पण नका. भाडेकरू रोख भाडं देतो ते तिथे दिसणार नाही, पण ते उत्पन्न तुमचंच आहे.

नेहमी सापडणाऱ्या चुका सांगतो. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली आणि एकच फॉर्म 16 धरला, किंवा दोन्ही धरले पण दोन्ही कंपन्यांनी स्टँडर्ड डिडक्शन आणि खालच्या स्लॅबचा फायदा वेगवेगळा दिलाय हे लक्षात आलं नाही, आता एकत्र केल्यावर एकदम मोठा टॅक्स निघतो आणि माणूस गडबडतो. बायकोच्या नावावर आपल्या पैशाची एफडी केली तर तिचं व्याज आपल्याच उत्पन्नात धरावं लागतं, अज्ञान मुलांच्या नावावरचं व्याज पण आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात. इंट्राडे (त्याच दिवशी शेअर घेऊन विकणं) किंवा एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) केलं आणि आयटीआर-1 हा साधा फॉर्म भरून मोकळे झाले, हा फॉर्मच चुकला, त्याला आयटीआर-3 लागतो. कन्सल्टन्सीचे पैसे आले, त्यावर 194जे (व्यावसायिक फी) खाली टीडीएस कापलेला आणि दाखवले इतर उत्पन्नात. आणि पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे अमेरिकन पेरेंट कंपनीचे शेअर मिळालेत आणि शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) कोरं सोडलंय. त्यावर पुढे वेगळं लिहितो, कारण तिथला दंड फार जबरी आहे.

कुठला रस्ता तुमचा

रिटर्न सबमिट केलंय पण ई-व्हेरिफाय अजून केलेलं नाही, तर ते डिस्कार्ड करता येतं आणि नव्याने भरता येतं. पण मुदत संपल्यावर डिस्कार्ड केलं तर नवं भरलेलं बिलेटेड (मुदतीनंतरचं) धरलं जातं, म्हणजे लेट फी वगैरे मागे लागते, त्यामुळे आत्ता डिसेंबरमध्ये हे बटण दाबण्याआधी दोनदा विचार करा.

रिटर्न व्हेरिफाय झालंय, चूक तुमची आहे, आणि 31 डिसेंबर गेलेला नाही, तर रिवाइज्ड रिटर्न, कलम 139(5). हा राजमार्ग. वेगळी फी नाही, वेगळा दंड नाही, फक्त निघेल तो टॅक्स आणि त्यावरचं व्याज भरायचं. तुमच्या फायद्याची दुरुस्ती पण यातच होते, म्हणजे एखादी वजावट राहून गेली किंवा टीडीएस क्लेम करायचा राहिला तर रिफंड वाढवून मागता येतो. 143(1) चं इंटिमेशन (रिटर्न प्रोसेस झाल्याचा खात्याचा मेल) आलं असलं, रिफंड मिळाला असला तरी रिवाइज करता येतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, रिफंड आला म्हणजे खात्याने मान्य केलं असं धरून चालतात. ते खरं नाही. 143(1) म्हणजे कॉम्प्युटरने आकडे जुळवून बघितलेत, बस. रिवाइज एकदा केल्यावर परत चूक सापडली तर मुदतीत परत करता येतं. बिलेटेड रिटर्न पण रिवाइज होतं.

चूक तुमची नसून प्रोसेसिंगमध्ये झालीये, उदाहरणार्थ तुम्ही टीडीएस नीट टाकलाय, 26एएसमध्ये पण आहे आणि तरी सीपीसीने (खात्याचं रिटर्न प्रोसेस करणारं केंद्र) धरला नाही, तर रिवाइज करू नका, कलम 154 ची रेक्टिफिकेशन रिक्वेस्ट टाका. उत्पन्न बदलायचं असेल तर मात्र रेक्टिफिकेशन चालत नाही.

ज्यांनी अजून रिटर्नच भरलेलं नाही त्यांना पण 31 डिसेंबरच. बिलेटेड रिटर्न, लेट फी 5,000, एकूण उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1,000. शिवाय टॅक्स बाकी असेल तर महिन्याला 1 टक्का व्याज, जुनी रिजीम (जुनी करपद्धत) घेता येत नाही, आणि शेअरमधला तोटा पुढे ओढता येत नाही. तरी भरा.

31 डिसेंबर उलटून गेला की मग अपडेटेड रिटर्न, आयटीआर-यू, कलम 139(8ए). 2022 च्या बजेटमध्ये ही सोय आली, तेव्हा दोन वर्षांची मुदत होती, 2025 च्या बजेटने ती असेसमेंट इयर संपल्यापासून चार वर्षांवर म्हणजे 48 महिन्यांवर नेली. पण इथे जास्तीचा टॅक्स द्यावा लागतो. टॅक्स आणि व्याज मिळून जी रक्कम होईल तिच्यावर पहिल्या 12 महिन्यांत 25 टक्के, दुसऱ्या वर्षात 50, तिसऱ्यात 60, चौथ्यात 70. हा रस्ता एकाच दिशेचा आहे. याने टॅक्स वाढवता येतो, कमी नाही करता येत. रिफंड मागता येत नाही, आहे तो वाढवता येत नाही, तोट्याचं रिटर्न भरता येत नाही. एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच, म्हणून भरताना सगळं एकत्र काढून भरा, अर्धवट भरलं आणि नंतर अजून एक एफडी सापडली तर परत संधी नाही. त्या वर्षाचं असेसमेंट (खात्याची तपासणी) चालू असेल किंवा झालं असेल, किंवा सर्च-सर्व्हे (खात्याची धाड) झाला असेल, तर हे दार बंद.

आता जुन्या वर्षांचं काही राहिलं असेल तर कॅलेंडरवर 31 मार्च 2026 ला गोल करा. असेसमेंट इयर 2024-25 ची चूक आत्ता 25 टक्क्यांत सुटते, 1 एप्रिलपासून 50 लागतील. 2023-24 ची आत्ता 50, मग 60. 2022-23 ची आत्ता 60, मग 70. आणि 2021-22 साठी तर 70 टक्क्यांचा रस्ता पण त्या दिवशी कायमचा बंद होतोय. म्हणजे या वर्षीच्या चुकीला 31 डिसेंबर आणि मागच्या सगळ्या वर्षांना 31 मार्च, या दोन तारखा डोक्यात ठेवा.

आकड्यात बघू

समजा एकाचं नवीन रिजीममध्ये करपात्र उत्पन्न 16 लाख, ते व्यवस्थित दाखवलंय, वेळेत रिटर्न भरलंय, पण एफडीचं 80,000 व्याज राहिलं. बँकेने त्यावर 8,000 टीडीएस कापलाय, तो पण क्लेम करायचा राहिलाय. 2024-25 च्या स्लॅबमध्ये 15 लाखांच्या वर 30 टक्के, म्हणजे 24,000, त्यावर 4 टक्के सेस 960, झाले 24,960. त्यातून टीडीएसचे 8,000 वजा, बाकी 16,960.

या डिसेंबरमध्येच रिवाइज केलं तर यावर 234बी आणि 234सी चं (ॲडव्हान्स टॅक्स कमी भरल्याचं) व्याज साधारण 2,400 होईल. मिळून 19,400 च्या आसपास. विषय संपला.

तोच माणूस म्हणाला की बघू नंतर, आणि जून 2026 मध्ये आयटीआर-यू भरायला बसला, तर व्याज साधारण 3,400 झालेलं असेल. टॅक्स 16,960 आणि व्याज 3,400, मिळून 20,360. त्याच्या 25 टक्के 5,090. एकूण 25,450. सहा महिने थांबण्याचे सहा हजार.

आणि काहीच केलं नाही, नंतर खात्यानेच काढलं तर? टॅक्स आणि वाढलेलं व्याज तर द्यायचंच, वर कलम 270ए ची पेनल्टी. ती त्या उत्पन्नावरच्या टॅक्सच्या 50 टक्के म्हणजे 12,480, आणि मिसरिपोर्टिंग (खोटं दाखवणं) ठरलं तर 200 टक्के म्हणजे 49,920. ऐंशी हजारांच्या व्याजापायी. म्हणून सांगतोय, आकडे कागदावर मांडून बघा, मग थांबायचं की नाही ते ठरवा.

270ए नीट समजून घ्या

हे कलम असेसमेंट इयर 2017-18 पासून लागू आहे. याच्यात दोन कप्पे आहेत. पहिला अंडर-रिपोर्टिंग, म्हणजे उत्पन्न कमी दाखवलं गेलं, दंड 50 टक्के. दुसरा मिसरिपोर्टिंग, म्हणजे खोटं दाखवलं, दंड 200 टक्के. दुसऱ्या कप्प्यात काय काय येतं ते कायद्यातच लिहिलंय: खरी गोष्ट लपवणं किंवा चुकीची मांडणं, केलेली गुंतवणूक हिशोबाच्या वह्यांत न दाखवणं, पुराव्याशिवाय खर्च क्लेम करणं, वह्यांत खोटी नोंद करणं, ज्याने उत्पन्न बदलतं अशी जमा नोंदवायची सोडणं, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार रिपोर्ट न करणं.

यातलं पुरावा नसलेल्या खर्चाचं वाक्य छोट्या धंदेवाल्यांनी आणि फ्रीलान्सरांनी दोनदा वाचावं. खर्च खरा असेल पण बिल नाही, तर समोरचा अधिकारी तो खर्च मिसरिपोर्टिंगमध्ये टाकू शकतो. कॅशने दिलं, व्हाउचर बनवलं नाही, ओळखीतला होता, ही कारणं तिथे चालत नाहीत.

सुटकेच्या जागा पण कायद्यात आहेत. तुमचं स्पष्टीकरण प्रामाणिक आहे आणि सगळी माहिती तुम्ही समोर ठेवली होती असं दिसलं तर ती रक्कम अंडर-रिपोर्टिंगमध्ये धरत नाहीत. म्हणून शंका असेल तिथे लपवण्यापेक्षा दाखवून वाद घातलेला बरा. शिवाय 270एए खाली इम्युनिटी मागता येते: ऑर्डरमधला टॅक्स आणि व्याज दिलेल्या मुदतीत भरायचं, अपील करायचं नाही, आणि ऑर्डर ज्या महिन्यात मिळाली तो महिना संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म 68 भरायचा. मग पेनल्टी माफ होते, खटलाही होत नाही. पण ही सवलत फक्त 50 टक्केवाल्या कप्प्याला आहे, मिसरिपोर्टिंगवाल्यांना नाही. खरा फरक इथे पडतो. साधी चूक असेल तर कायदा सवड देतो, खोटेपणा सापडला तर सगळे रस्ते बंद करतो.

270ए च्या पुढे पण पायऱ्या आहेत, त्या थोडक्यात. मुद्दाम टॅक्स बुडवायचा प्रयत्न केला तर 276सी खाली खटला, रक्कम 25 लाखांच्या वर असेल तर 6 महिने ते 7 वर्षं, कमी असेल तर 3 महिने ते 2 वर्षं कैद. वह्यांत खोटी बिलं सापडली तर 271एएडी खाली त्या बिलांच्या रकमेइतकाच दंड. बँकेत भरलेल्या रोख रकमेचा सोर्स सांगता आला नाही तर 115बीबीई खाली सरचार्ज-सेस धरून 78 टक्के टॅक्स.

खोट्या वजावटी

हा विषय मला सगळ्यात जास्त सांगायचाय, कारण यात अडकलेले बहुतेक जण साधे पगारदार असतात. एमआयडीसीतले कामगार, शिक्षक, कंपनीतले ज्युनिअर. कुणीतरी एजंट येतो, म्हणतो सगळा टीडीएस परत मिळवून देतो, रिफंडमधले इतके टक्के माझे. तो रिटर्नमध्ये न दिलेलं घरभाडं टाकतो, न घेतलेल्या एज्युकेशन लोनचं व्याज टाकतो, राजकीय पक्षाला देणगी म्हणून 80जीजीसी मध्ये मोठी रक्कम टाकतो. कागद अपलोड करावे लागत नाहीत म्हणून रिफंड येतो. पहिल्या वर्षी आला की दुसऱ्या वर्षी ऑफिसमधले अजून दहा जण त्याच्याकडे जातात.

14 जुलै 2025 ला आयकर खात्याने देशभरात 150 ठिकाणी अशा रॅकेटवर कारवाई केली, आणि त्याबद्दलच्या निवेदनात ज्या राज्यांची नावं घेतली त्यात महाराष्ट्र होता. त्याच निवेदनात असंही होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 जणांनी स्वतःहून रिटर्न अपडेट करून 1,045 कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले. आणि एक गोष्ट त्यात होती ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी: हे एजंट तात्पुरते ईमेल आयडी बनवून ढिगाने रिटर्न भरत होते, नंतर ते आयडी सोडून देत होते, आणि खात्याच्या नोटिसा त्या बेवारस मेलवर पडून राहत होत्या. म्हणजे ज्याच्या नावावर रिटर्न आहे त्याला नोटीस आली हेच कळत नव्हतं.

तेव्हा आजच पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. तुमचा नसेल तर लगेच बदला. पासवर्ड एजंटकडे असेल तर तोही बदला. मग पेंडिंग ॲक्शन्समध्ये ई-प्रोसीडिंग्ज उघडा, तिथे न उघडलेली नोटीस पडली असेल तर दिसेल. त्यानंतर मागच्या चार वर्षांच्या रिटर्नच्या पीडीएफ डाउनलोड करा आणि प्रत्येक वजावटीसमोर स्वतःला विचारा, याची पावती माझ्याकडे आहे का. 80सी, 80डी, घरभाडं, देणगी, प्रत्येक ओळ. नसेल तर या वर्षाचं रिवाइज करा, जुन्या वर्षांचं आयटीआर-यू भरा. मिळालेला रिफंड परत करावा लागेल, व्याज लागेल, वर 25 ते 70 टक्के लागतील, एकदम एवढे पैसे काढणं सोपं नाही हे मला कळतं, पण तोच क्लेम खात्याने पकडला तर 200 टक्क्यांच्या कप्प्यात बसतो आणि तिथे माफी नाही. एजंटने भरलं हे कारण चालत नाही, रिटर्नच्या शेवटी जे डिक्लरेशन असतं ते तुमच्या नावाने असतं. सीए केलेला माणूस असो नाहीतर कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला, जबाबदारी पॅन ज्याचा त्याची.

परदेशातले शेअर

कंपनीने आरएसयू किंवा ईएसपीपी (कर्मचाऱ्यांना मिळणारे कंपनीचे शेअर) दिलेत आणि ते परदेशी ब्रोकरकडे पडलेत, तर भारतात रेसिडेंट असलेल्याने ते शेड्यूल एफए मध्ये दाखवायचेच, विकले नसले तरी, डिव्हिडंड दोन डॉलर आला असला तरी. आयटीआर-1 आणि 4 मध्ये हे शेड्यूलच नाही, म्हणजे 2 किंवा 3 लागतो. आणि इथे कॅलेंडर वर्ष चालतं, असेसमेंट इयर 2025-26 साठी जानेवारी ते डिसेंबर 2024. न दाखवल्याचा दंड काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाख. 1 ऑक्टोबर 2024 पासून घर-जमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून 20 लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण दाखवायचं बंधन आहेच. राहिलं असेल तर 31 डिसेंबरच्या आत रिवाइज करून दाखवा. आखातात किंवा अमेरिकेत राहणारे, टॅक्सच्या हिशोबाने नॉन-रेसिडेंट असलेले, त्यांना हे शेड्यूल भरायचं नाही, पण कायमचे परत आलात की तुमचं स्टेटस कधी बदलतं ते तपासून घ्या.

प्रत्यक्ष भरताना

ई-फाईल, त्यात इन्कम टॅक्स रिटर्न्स, त्यात फाईल रिटर्न. असेसमेंट इयर 2025-26 निवडा. फायलिंगच्या कलमात 139(5) निवडलं की मूळ रिटर्नचा 15 आकडी अक्नॉलेजमेंट नंबर आणि भरल्याची तारीख विचारतात, ते जुन्या पीडीएफवर वरच असतं. लक्षात घ्या की रिवाइज्ड म्हणजे फक्त बदललेली ओळ नाही, पूर्ण रिटर्न नव्याने जातं आणि जुन्याची जागा घेतं, त्यामुळे पगार, वजावटी, टीडीएस, बँक खातं सगळं परत तपासून भरा. फॉर्मच चुकला असेल तर इथे वेगळा फॉर्म निवडता येतो.

टॅक्स निघाला तर सबमिट करायच्या आधी ई-पे टॅक्समध्ये जाऊन सेल्फ असेसमेंट टॅक्स, कोड 300, निवडून भरा. असेसमेंट इयर चुकवू नका, पैसे भलत्या वर्षात गेले की ते सरळ करण्यात उगाच डोकेदुखी होते. चलनावरचा सात आकडी बीएसआर कोड, चलन नंबर आणि तारीख रिटर्नमध्ये टाकायची.

आयटीआर-यूला पण हाच मार्ग, फक्त 139(8ए) निवडायचं. तिथे कारण विचारतात: आधी रिटर्न भरलं नव्हतं, उत्पन्न बरोबर दाखवलं नव्हतं, चुकीचं हेड (उत्पन्नाचा प्रकार) निवडलं, टॅक्सचा रेट चुकला वगैरे. खरं असेल ते टिक करा, एकापेक्षा जास्त चालतात. आधी रिफंड मिळाला असेल तर ती रक्कम देण्यात मिळवली जाते. इथे पैसे भरल्याशिवाय रिटर्न पुढे जातच नाही.

नोटीस आधीच आली असेल तर वेगळा हिशोब आहे. 143(1)(ए) ची सूचना असेल, म्हणजे आकडे जुळत नाहीत, तर 30 दिवसांत उत्तर द्या, मान्य असेल तर मान्य म्हणा, मुदत असेल तर रिवाइज करा. 139(9) ची डिफेक्टिव्ह नोटीस असेल तर 15 दिवस. पण 143(2) ची स्क्रूटिनी (सविस्तर तपासणी) किंवा 148 ची रीओपनिंगची (जुनं वर्ष परत उघडण्याची) नोटीस आली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि चांगला सीए गाठा, त्याच दिवशी. 148 ची नोटीस असेसमेंट इयर संपल्यापासून तीन वर्षं तीन महिने येऊ शकते आणि लपलेलं उत्पन्न 50 लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षं तीन महिने, त्यामुळे मागच्या वर्षांचं कुणी विचारणार नाही असं धरून चालू नका.

आणि सबमिट केल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा. आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं, नेट बँकिंगने होतं, काहीच जमलं नाही तर आयटीआर-व्ही सही करून स्पीड पोस्टाने बंगळुरूच्या सीपीसीला पाठवा. रिवाइज केलं, टॅक्स भरला आणि व्हेरिफाय करायचं राहिलं, तर खात्याच्या लेखी तुम्ही काहीच दुरुस्त केलेलं नाही, जुनंच रिटर्न उभं राहतं. व्हेरिफिकेशन झाल्याचा मेल आला की तो, चलन, नवीन अक्नॉलेजमेंट आणि ज्या कागदावरून दुरुस्ती केली तो कागद, चारही एका फोल्डरमध्ये वर्ष टाकून ठेवा.